खाडीकांठचीं गाणीं व जमैकांतील गाणीं

गेल्या वर्षीं स्नेहसंमेलनाच्या तयारीच्या वेळीं नववीच्या वर्गांतील कांहीं मुलें दोन गाण्यांची यादी घेऊन आमच्याकडे आलीं. पहिलें गाणें इंग्रजी होतें. बाबेलच्या नद्यांकांठीं बसून शोक करणाऱ्या बंदिवानांचें, म्हणजे १३७ व्या स्तोत्रावर रचलेलें, आणि बोनी एम् या मंडळीच्या तबकडीमुळें १९७८ पासून जगभर माहीत झालेलें. दुसरें, हळदीच्या रात्रीं आमच्या शाळेच्या आसपासच्या गांवांतून वाजणाऱ्या गाण्यांपैकीं एक होतें. आम्हीं पहिल्यास तात्काळ संमति दिली व दुसऱ्यावर लाल शाईची रेघ ओढली. कारण विचारलें असतां, "हें शाळेच्या व्यासपीठास शोभणारें नव्हे," असें उत्तर आम्हीं दिलें. मुलें कांहीं बोललीं नाहींत. त्यांतील एक मुलगा मात्र दाराशीं थबकला व म्हणाला, "सर, माझी आजी धवलारीण आहे."

हें वाक्य त्या दिवशीं आम्हीं ऐकून सोडून दिलें. परंतु घरीं गेल्यावर तें पुन्हां पुन्हां आठवूं लागलें. जें गाणें आम्हीं पसंत केलें तें कोणाचें, आणि जें नापसंत केलें तें कोणाचें, याची आम्हांस वस्तुतः कांहींच माहिती नव्हती. एक इंग्रजींत होतें व पवित्र शास्त्रांतील शब्दांवर बेतलेलें होतें एवढ्यावर तें सभ्य ठरलें. दुसरें आगरी बोलींत होतें एवढ्यावर तें असभ्य ठरलें. शिक्षकानें उत्तरपत्रिका न उघडतां गुण द्यावे तशांतलाच हा प्रकार झाला. म्हणून सुटींत आम्हीं दोहोंचा शोध घेतला, व जें हातीं लागलें तें विद्यार्थिमित्रांपुढें आणि त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम पसंत केलेल्या गाण्याविषयीं. तें मूळचें बोनी एम् चें नव्हे. १९७० सालीं मेलोडियन्स नांवाच्या तिघां गायकांनीं तें जमैका बेटांत गाइलें, आणि १३७ व्या स्तोत्राबरोबर १९ व्या स्तोत्रांतील शब्दहि त्यांत गुंफले. जमैका हें क्यारिबियन समुद्रांतील एक बेट. क्षेत्रफळ सुमारें ११,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या रायगड जिल्ह्याच्या दीडपट, आणि लोकवस्ती तीस लाखांच्याहि आंत. १४९४ सालीं कोलंबस तेथें पोंचला. १६५५ सालीं इंग्रजांनीं तें स्पॅनिश लोकांकडून जिंकून घेतलें, आणि उसाच्या मळ्यांसाठीं आफ्रिकेंतील माणसें जहाजांत कोंबून आणून त्यांस गुलाम केलें. हीं माणसें पूर्णपणें मुक्त झालीं तीं १८३८ च्या ऑगस्ट महिन्यांत. मग मळेवाल्यांस स्वस्त मजूर हवे झाले, व ते आपल्या देशांतून नेण्यांत आले. १८४५ च्या मे महिन्यांत पहिलें जहाज तेथें लागलें, आणि पुढील सुमारें सत्तर वर्षांत छत्तीस हजारांवर हिंदी मजूर, बहुतेक उत्तर हिंदुस्थानांतील, त्या बेटांत उतरले. 'गांजा' हा शब्द जमैकांत आजहि जसाच्या तसा चालतो तो त्यांच्यामुळें. आपल्याकडून परदेशीं गेलेल्या सर्वच वस्तु भूषणास्पद होत्या असें नव्हे; आणि रेगे गाणाऱ्या कित्येकांचा या वस्तूशीं निकट संबंध होता हेंहि आम्ही पालकांपासून लपवून ठेवीत नाहीं.

गुलामांच्या या वंशजांनीं शास्त्र वाचलें तेव्हां त्यांस बाबेलांतील यहुदी बंदिवान परके वाटले नाहींत. परक्या भूमींत आपलें गाणें कसें गावें, हा त्या स्तोत्रांतील प्रश्न त्यांस आपलाच वाटला. त्यांच्यांतील रास्ताफारी पंथाचे लोक जुलमी राज्यव्यवस्थेस 'बाबेल' हेंच नांव देतात. तेव्हां आम्हीं जें निरुपद्रवी भजन समजून मंजूर केलें होतें, तें वस्तुतः उपऱ्या झालेल्या माणसांचें गाऱ्हाणें होतें.

'रेगे' हें संगीत कसें जन्मलें तेंहि सांगण्यासारखें आहे. किंग्स्टन ही त्या बेटाची राजधानी. १९५० च्या सुमारास तेथील गरीब वस्त्यांतून नाचगाण्याची हौस दांडगी, पण वाद्यवृंद बोलावण्यास पैसा नाहीं, अशी स्थिति होती. तेव्हां कांहीं उद्योगी माणसांनीं कपाटाएवढाल्या कर्ण्यांच्या पेट्या बनवून, त्या व अमेरिकन तबकड्यांचा सांठा मोकळ्या आवारांत मांडून, रात्रभर गाणीं वाजविण्यास आरंभ केला. यालाच 'साउंड सिस्टिम' म्हणत. क्लेमेंट डॉड व ड्यूक रीड हे त्यांतले दोन नामांकित प्रतिस्पर्धी. हे रीडसाहेब पूर्वाश्रमींचे पोलीस शिपाई. पुढें अमेरिकन माल कमी पडूं लागतांच त्यांनीं गांवच्याच पोरांकडून तबकड्या गाऊन घेतल्या. १९६२ सालीं बेट स्वतंत्र झालें त्या वेळीं 'स्का' नांवाची जलद चाल जोरांत होती. ती १९६६ च्या सुमारास मंदावली. आणि १९६८ सालीं टूट्स अँड दि मेटल्स यांच्या एका तबकडीच्या नांवांत 'रेगे' हा शब्द प्रथम आला. हा टूट्स हिबर्ट उपासनामंदिरांतील गायनांत लहानाचा मोठा झाला होता, व तें त्याच्या आवाजांत कोणालाहि ओळखूं येतें.

या तालाची खूण मुलांनीं टाळी वाजवून पाहावी. चार मात्रा मोजा. आपल्या सवयीप्रमाणें पहिल्या मात्रेवर जोर येईल. रेगेंत बहुधा तीच मात्रा रिकामी असते. गिटार दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर तुटक बोलते, आणि मोठा ढोल तिसऱ्या मात्रेवर पडतो. ज्यांस आपला रूपक ताल ठाऊक आहे, व त्यांत समेवरच खाली येते हें माहीत आहे, त्यांस याचें फारसें नवल वाटूं नये.

या गायकांत बॉब मार्ली याचें नांव आमच्या विद्यार्थ्यांच्या अंगरख्यांवर छापलेलें आम्हीं पाहिलें आहे. तो कोण होता हें मात्र अंगरखा घालणाऱ्यास सांगतां आलें नाहीं. त्याचा जन्म १९४५ सालीं एका खेड्यांत झाला, आणि तो किंग्स्टनच्या ट्रेंच टाउन नांवाच्या गरीब वस्तींत वाढला. १९७६ सालीं, त्या बेटांतील दोन राजकीय पक्षांच्या अनुयायांत रक्तपात चालू असतां, त्याच्या घरांत शिरून त्याच्यावर गोळ्या झाडण्यांत आल्या. तो वांचला. १९७८ च्या एप्रिलांत एका मोठ्या जलशांत त्यानें पंतप्रधान मायकेल मॅन्ली व विरोधी पुढारी एडवर्ड सीगा या दोघांस व्यासपीठावर बोलावून त्यांचे हात एकमेकांच्या हातीं दिले. हाणामारी त्यानें थांबली असें नाहीं; पण पुढाऱ्यांस व्यासपीठावर बोलावण्याचा अधिकार एका गाणाऱ्यास प्राप्त व्हावा ही गोष्ट लहान नव्हे. १९८० सालीं झिंबाब्वे स्वतंत्र झालें त्या सोहळ्यांत तो गायला, आणि १९८१ च्या मे महिन्यांत, वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षीं, कर्करोगानें वारला. २०१८ सालीं युनेस्कोनें जमैकाच्या रेगे संगीताची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशांत केली.

रेगेच्या मागून 'डान्सहॉल' आलें. त्यांतील पुष्कळ गाण्यांचे शब्द मुलांनीं ऐकावे असे नाहींत, व त्याविषयीं अधिक लिहिण्याची आमची इच्छाहि नाहीं. पण एक हकीकत मात्र सोडवत नाहीं. जपानांतील कॅसिओ कंपनीनें १९८१ सालीं एक लहानसें, खेळण्यासारखें स्वस्त वाद्य विकावयास काढलें. त्यांत कळ दाबतांच आपोआप वाजणारे कांहीं ठेके भरलेले होते. ते भरण्याचें काम हिरोको ओकुदा नांवाच्या एका तरुण स्त्रीकडे होतें, आणि ती विद्यार्थिदशेपासून रेगेची अभ्यासक होती. तें वाद्य फिरत फिरत किंग्स्टनला गेलें. तेथें त्यांतील एक ठेका मंद करून त्यावर १९८५ सालीं वेन स्मिथ या तरुणाकडून किंग जॅमी यानें 'स्लेंग टेंग' हें गाणें करून घेतलें. आणि त्यानंतर जमैकांतील संगीताची पद्धतच पालटली. वादक नकोत, कळ पुरे!

हें वाचीत असतां आम्हांस आमच्या खिडकीबाहेर वाजणाऱ्या बेंजोची आठवण झाली. ठाणें, रायगड व मुंबईच्या कोळीवाड्यांतून जो 'बेंजो' वाजतो, तो अमेरिकन बँजो नव्हे. तारांवर टंकलेखनयंत्रासारख्या कळा बसविलेलें तें वाद्य. त्याचा मूळपुरुष म्हणजे 'ताइशोगोतो', जें जपानांतील नागोया शहरीं गोरो मोरिता यानें १९१२ सालीं तयार केलें. घरीं बसून कोणासहि वाजवितां यावें एवढाच त्याचा हेतु होता. हिंदुस्थानांत त्यास कोणीं बुलबुलतरंग म्हटलें, कोणीं बेंजो म्हटलें. आमच्या किनाऱ्यावरील पोरांनीं त्यास वीज जोडली, शेजारीं ढोल-ताशे उभे केले, आणि वरातीपुढें चालविलें. दोन जपानी खेळणीं, दोन दूरचे किनारे, आणि दोन्हींकडे तीं पैसेवाल्यांच्या दिवाणखान्यांत न राहतां मजुरांच्या, कोळ्यांच्या व शेतकऱ्यांच्या हातीं जाऊन मोठ्यानें बोलूं लागलीं. इतकें कळल्यावर आमची लाल रेघ आम्हांसच टोचूं लागली.

आतां ज्या गाण्यावर ती ओढली त्याविषयीं. ठाण्याच्या खाडीच्या पूर्वकांठीं दिवाळें, सारसोळें, करावें, वाशी, कोपरखैरणें, घणसोली हीं गांवें शहराच्या फार पूर्वींचीं. येथील कोळी खाडींत जाळीं टाकीत. आगरी लोक खाऱ्या जमिनीस बांध घालून भात पिकवीत व मिठागरांत राबत. 'आगर' शब्दावरूनच आगरी हें नांव आलें असें सांगतात. यांच्या गाण्यांचे दोन प्रवाह आहेत, व ते मुलें नेहमीं एकांत मिसळतात. एक नाचाचा, वल्ह्याच्या झोक्यासारख्या ठेक्यावर डुलणारा. त्यांत दर्या आहे, होडी आहे, नारळी पुनव आहे, कार्ल्याच्या डोंगरावरील एकवीरा आहे. हा प्रवाह मोठ्या जगास माहीत झाला तो शांताबाई शेळके यांनीं रचलेल्या, हृदयनाथ मंगेशकरांनीं चाली दिलेल्या, आणि लता मंगेशकर व हेमंतकुमार यांच्या कंठांतून आलेल्या कोळीगीतांनीं. तीं सुंदर आहेत. पण कोळीवाड्याच्या ओट्यावरून पाहिलेला तो समुद्र नव्हे, असें आमचें नम्र मत आहे. त्या ओट्यावरचा आवाज ऐकावयाचा तर शाहीर विठ्ठल उमप (१९३१–२०१०) यांच्या कोळीगीतांकडे जावें लागतें. उमप मुंबईच्या नायगांवचे. कोळीगीतें, भीमगीतें, भारुड, 'जांभूळ आख्यान', सर्व एका पहाडी आवाजांत. आणि मृत्यूहि आला तो नागपुरास व्यासपीठावर. त्यांच्याच पिढींतील प्रल्हाद शिंदे (१९३३–२००४) यांची भक्तिगीतें व भीमगीतें कॅसेटच्या काळांत चहाच्या प्रत्येक दुकानांतून ऐकूं येत. त्यांचे चिरंजीव आनंद शिंदे यांच्या 'नवीन पोपट हा' या गाण्यानें तर गाड्यागाड्यांतून कॅसेटी वाजविल्या. आमच्या विद्यार्थिदशेंत आम्हीं तें गाणें चोरून ऐकलें होतें, हें आज कबूल करण्यास हरकत नाहीं. वेसावें येथील 'वेसावकर आणि मंडळी' आणि अलीकडे भिवंडीकडील 'दादूस' संतोष चौधरी हे याच वाटेचे प्रवासी.

दुसरा प्रवाह धवल्यांचा. तो कोणाच्या तबकडीवर गाजला नाहीं. आगरी लग्नांत मांडव, घाणा, हळद, लग्न, पाठवणी अशा प्रत्येक विधीस त्याचा त्याचा धवला असतो, आणि तो म्हणणारी बाई म्हणजे धवलारीण. ती केवळ गाणारी नव्हे. जुन्या चालीप्रमाणें लग्न लावण्याचा मान तिचा. भटजीच्या मंत्रांच्या जागीं तिचे शब्द. आतां मराठीच्या वर्गांत आम्हीं प्रतिवर्षीं शिकवितों कीं, मराठीची आद्य कवयित्री महदंबा; तिनें तेराव्या शतकांत, ऋद्धिपुरीं गोविंदप्रभूंच्या विवाहाच्या प्रसंगीं, श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचे 'धवळे' गाइले. फळ्यावर 'धवळे' हा शब्द लिहून, "अर्थ: लग्नगीतें," असें आम्हीं वीस वर्षें मुलांस लिहून दिलें, आणि तोच शब्द ज्या घरांत आजहि जिवंत आहे त्या घरचा मुलगा पुढच्या बांकावर बसून तो अर्थ मुकाट्यानें उतरून घेत होता!

या गांवांवर १९७० पासून काय गुदरलें तें पालकांस सांगावयास नको. मुलांसाठीं थोडक्यांत लिहितों. त्या वर्षीं मार्चमध्यें सिडकोची स्थापना झाली, आणि ठाणें, पनवेल व उरण या भागांतील ९५ गांवांच्या जमिनी नव्या शहरासाठीं ठरल्या. शेतें गेलीं, मिठागरें गेलीं, खाडीचें पाणी बिघडलें. १९८४ च्या जानेवारींत जासई येथें शेतकऱ्यांवर गोळीबार होऊन पांच जण मेले, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं चाललेल्या त्या लढ्याचें फळ म्हणून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचें धोरण पुढें आलें. भूखंडाबरोबर कांहीं घरांत पैसाहि आला, आणि हळदीची रात्र मोठी झाली. अंगणांतील बेंजोच्या जागीं कपाटाएवढ्या कर्ण्यांची भिंत उभी राहिली. किंग्स्टनच्या साउंड सिस्टिमचें चित्र पाहून आमचा एक विद्यार्थी म्हणाला, "सर, ही तर आमच्या काकांची हळद!"

या भिंतीविषयीं आमची तक्रार आहे, व ती खरी आहे. रात्रीं दहा ते सकाळीं सहा ध्वनिक्षेपक बंद ठेवावे असा नियम २००० सालापासून देशांत आहे. जमैकांतहि १९९७ सालीं गोंगाटाविरुद्ध कायदा करावा लागला. परीक्षेच्या दिवसांत शेजारच्या इमारतींतील मुलांचे हाल आम्हीं पाहिले आहेत. दारूचीं स्तुतिस्तोत्रें गाणारीं हळदीचीं गाणींहि आहेत, आणि त्यांवर पुन्हां रेघ ओढण्यास आमचा हात कचरणार नाहीं. पण मुलांनीं आणलेलें तें गाणें त्यांतलें नव्हतें. तें आम्हीं वाचलेंच नव्हतें.

मेच्या सुटींत त्या मुलाबरोबर आम्ही त्याच्या घरीं गेलों. गांव खाडीपासून आतां बरेंच लांब पडलें आहे. म्हणजे गांव जेथल्या तेथेंच आहे, मध्यें रस्ते व इमारती आल्या आहेत. आजीबाई तीन मजली घराच्या तळमजल्यावर, दारांतील लाद्यांवर पाय पसरून बसल्या होत्या. आम्ही बोलावयास लागलों तेव्हां त्या प्रथम शुद्ध बोलण्याची खटपट करूं लागल्या. शाळेचे मास्तर आले म्हणून. तें पाहून आम्हांस जें वाटलें तें लिहितां येत नाहीं. त्यांनीं सांगितलें कीं, धवले त्यांनीं सासूकडून घेतले. लिहितां वाचतां येत नाहीं. एकीनें म्हणावें व दुसरींनीं झेलावें अशी रीत. वाद्य कोणतेंहि नाहीं. मोबदला म्हणजे तांदूळ, नारळ व लुगडें, अलीकडे कांहीं रुपये. पूर्वीं झेलणाऱ्या चार जणी होत्या, आतां एक उरली आहे, व तिलाहि दमा आहे.

मागील वर्षींच्या एका लग्नांत आजीबाईंनीं हळदीचा धवला धरला आणि त्याच क्षणीं पोरांनीं कर्णे चालू केले. मग काय केलें, असें आम्हीं विचारलें. त्यांनीं तो संपेपर्यंत म्हटला. कोणास एक अक्षर ऐकूं गेलें नाहीं, झेलणारीसहि नाहीं, ओंठ हलत होते तेवढे दिसत होते. "मग म्हटलात कशाला?" असें आमच्या तोंडून गेलें. आजीबाईंनीं आमच्याकडे अशा मुद्रेनें पाहिलें कीं, जणूं काय आम्ही एकादा अगदीं बालिश प्रश्न विचारला. न म्हणतां हळद लागली असती कशी?

नातवानें मोबाइलवर त्यांस तें मेलोडियन्सचें मूळ गाणें ऐकविलें. आम्हीं अर्थ सांगितला: हे लोक आपल्या मुलखापासून लांब, परक्यांच्या ताब्यांत आहेत, आणि पकडून नेणारेच त्यांस गाणें म्हणून दाखवा म्हणताहेत. आजीबाईंनीं सबंध ऐकून घेतलें व विचारलें, "त्यांची जागा कोनी घेतली?" आम्हीं बाबेलच्या राजाचें नांव सांगितलें. तें त्यांस कांहीं बोधक झालें असें दिसलें नाहीं.

संमेलनांत येऊन एक धवला म्हणाल का, असें आम्हीं विचारलें असतां त्यांनीं मान हलवून नकार दिला. धवला मांडवांतला, तो लोकांस दाखवावयाचा नव्हे. घरीं मात्र म्हणण्यास तयार झाल्या. नातू मोबाइलवर ध्वनिमुद्रण करीत होता, आणि आम्हीं वहींत उतरून घेत होतों. शब्द अडला म्हणजे तोच आम्हांस समजावून सांगे, व आम्ही मुकाट्यानें लिहून घेऊं. मांडवाचा धवला झाला, घाण्याचा झाला, हळदीचा झाला. लग्नाचा अर्ध्यावर आला असतां त्या एकदम थांबल्या. श्वास लागला असेल असें आम्हांस वाटलें. पण तसें नव्हतें.

"मास्तर, यो फुरचा आता नाय बोलाचा," त्या म्हणाल्या. "लगीन लागंल तवाच बोलाचा."

त्यांच्या धाकट्या नातीचें लग्न येत्या वैशाखांत आहे. आम्हांस आमंत्रण आहे, आणि कर्णे उशिरां चालू करण्याचें त्या मुलानें आपल्या काकांकडून कबूल करून घेतलें आहे. वहींतील तें अर्धें पान आम्हीं कोरें ठेविलें आहे.